नैरोबी : न्गाँग रोडच्या आजूबाजूला

नैरोबीला जाऊन आलो म्हटलं की मंडळात पहिला प्रश्न येतो, "सिंह दिसला का?" आणि दुसरा, "किती जवळून?" तेव्हा ते आधीच सांगून टाकतो. दिसला. मसाई मारात, जीपपासून वीसेक फुटांवर, आणि त्याने आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. फोटो ज्यांना पाहायचे असतील त्यांनी खुशाल घरी यावं, चहा मिळेल. या लेखात मात्र सिंह नाही. मारात आम्ही तीनच दिवस होतो आणि नैरोबी शहरात अकरा. त्या अकरा दिवसांतले बरेचसे आम्ही न्गाँग रोड नावाच्या एका गजबजलेल्या रस्त्याच्या आजूबाजूला, कॉम्प्युटरचा धंदा काढू पाहणाऱ्या पोरापोरींच्या संगतीत काढले. लिहायचं आहे ते त्याबद्दल.

कारण घरचंच. आमची पुतणी पुण्याहून नैरोबीला नोकरीसाठी गेली त्याला चार वर्षं झाली. बँकांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीत ती आहे. तिथलाच एक सहकारी, नाकुरू गावचा, आणि ती अशा दोघांनी मिळून स्वतःचं काहीतरी काढायचं ठरवलंय. तिच्या आईबाबांनी आम्हाला फोनवर बजावलं होतं, "तुम्ही जाताच आहात, तर जरा बघून या हे काय प्रकरण आहे ते." प्रकरण धंद्याचंच निघालं. त्या मुलाचं लग्न झालेलं असून त्याला दोन गोड मुली आहेत, हे पहिल्याच रात्री पुण्याला कळवून आम्ही मोकळे झालो.

नैरोबी हे साधारण अठराशे मीटर उंचीवरचं थंड हवेचं गाव. जुलैत गेलात तर स्वेटर लागतो, आफ्रिका आहे म्हणून सुती कपडे भरून नेऊ नका. १८९९ मध्ये मोंबासाहून येणारा रेल्वेचा रूळ इथे पोचला, त्याच्या तळाभोवती शहर वाढलं. तो रूळ टाकायला हिंदुस्थानातून मजूर आणले होते, आणि त्यांच्या मागोमाग आणि बरोबरीने दुकानदार आले. म्हणून इथल्या स्वाहिलीत आपले शब्द भेटतात. दुकान म्हणजे 'दुका', गाडी म्हणजे 'गारी', विमा म्हणजे 'बिमा', आणि पैसा म्हणजे 'पेसा'. पार्कलँड्स भागात डायमंड प्लाझा नावाचं संकुल आहे. तिथे पाणीपुरी खात बसलं की आपण एडिसनमध्ये आहोत की घाटकोपरला, तेच कळत नाही. २०१७ मध्ये केनिया सरकारने तिथल्या आशियाई वंशाच्या लोकांना देशाची चव्वेचाळिसावी जमात म्हणून मान्यता दिली. आपल्याला इथे तीस वर्षांनीही 'मूळचे कुठले?' विचारतात, त्या मानाने ही गंमत आम्हाला बरी वाटली.

पण आमच्या गोष्टीतला 'पेसा' म्हणजे एम-पेसा. आपल्या इथे क्रेडिट कार्ड नसेल तर माणूस अर्धा नागडा, तसं तिथे फोनमध्ये एम-पेसा नसेल तर. गोष्ट मोठी मजेची आहे. सफारीकॉम या फोन कंपनीने २००५ च्या सुमारास ब्रिटिश सरकारच्या मदतीने एक छोटी चाचणी घेतली. बचतगटांतल्या लोकांनी कर्जाचे हप्ते फोनवरून भरावेत, एवढाच हेतू होता. लोकांनी हप्ते भरले, पण त्याच सोयीने ते एकमेकांना पैसेही पाठवायला लागले. शहरातला मुलगा गावच्या आईला, दुकानदार घाऊक व्यापाऱ्याला. कंपनीने ते ओळखलं आणि मार्च २००७ मध्ये एम-पेसा सगळ्यांसाठी सुरू केलं. त्याला स्मार्टफोन लागत नाही, इंटरनेट लागत नाही, बँकेत खातं लागत नाही. कोपऱ्यावरच्या हिरव्या टपरीत नोटा दिल्या की त्या फोनमध्ये जातात, आणि दुसऱ्या गावच्या टपरीतून निघतात. भाजीवालीच्या गाड्यावर, मटाटूत (म्हणजे तिथली खासगी मिनीबस, आवाज आपल्या गणपतीच्या मिरवणुकीइतका), चर्चच्या दानपेटीशेजारी, सगळीकडे तो नंबर लिहिलेला.

नव्या धंदेवाल्याला याचा उपयोग काय? तर गिऱ्हाइकाकडून पन्नास शिलिंग घ्यायचे असले तरी ते घेता येतात. एका डॉलरला आम्ही गेलो तेव्हा साधारण १३० शिलिंग होते, म्हणजे आपण बोलतोय चाळीस सेंटच्या आतलं. चाळीस सेंटचं बिल आपल्या इथे कोणी फाडेल का? तिथे त्याच्यावर कंपनी उभी राहू शकते. २०१७ मध्ये सफारीकॉमने आपली ही यंत्रणा बाहेरच्या प्रोग्रॅमरांना जोडून घेता यावी म्हणून जे दार उघडलं, त्याचं नाव 'दराजा'. स्वाहिलीत दराजा म्हणजे पूल, पायरी, आणि पायरीवरून मान किंवा श्रेणीसुद्धा. आपला दर्जा तोच, दोघंही मूळचे अरबी. घरी बसून, एक पैसाही न देता, खोट्या पैशांवर त्याचा सराव करता येतो.

दुसरी गोष्ट समुद्रातून आली. २००९ पर्यंत पूर्व आफ्रिकेचं सगळं इंटरनेट उपग्रहावरून यायचं, महाग आणि संथ. त्या वर्षी मोंबासाला एकामागून एक समुद्राखालच्या केबल आल्या. सीकॉम ही त्यातली एक, जिचं दुसरं टोक आपल्या मुंबईत आहे. आणि टीम्स नावाची दुसरी, अमिरातीतल्या फुजैराहून. टीम्ससाठी केनियाच्या माहिती खात्याचे तेव्हाचे सचिव बितांगे न्डेमो यांनी फार खटपट केली. सरकारी सचिवाचं नाव तरुण पोरं प्रेमाने घेतात हे आम्ही प्रथमच ऐकलं.

आणि तिसरी गोष्ट दुःखाची. डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर केनियात दंगली पेटल्या, शेकडो माणसं मेली. कुठे काय चाललंय ते कळेना. तेव्हा २००८ च्या सुरुवातीला काही केनियन ब्लॉगर आणि प्रोग्रॅमरांनी मिळून थोड्या दिवसांत एक नकाशा उभा केला. लोकांनी फोनवरून निरोप पाठवायचा, तो नकाशावर ठिपका होऊन उमटायचा. नाव ठेवलं 'उशाहिदी', म्हणजे साक्ष. पुढे जगभर भूकंपात, पुरात, निवडणुकीत ते वापरलं गेलं. त्याच मंडळींपैकी एरिक हर्समन यांनी पुढाकार घेऊन मार्च २०१० मध्ये न्गाँग रोडवरच्या बिशप मागुआ सेंटरच्या चौथ्या मजल्यावर 'आयहब' सुरू केलं.

या आयहबबद्दल जरा जास्त लिहिलं पाहिजे, कारण पुढच्या सगळ्याची गंगोत्री तीच. होतं काय तिथे? एक मोठा हॉल, वेगवान इंटरनेट, टेबलं, मऊ बाकं आणि कॉफीचं दुकान. बस्स. अर्ज करून मंजूर झालात की रोज येऊन बसायचं, फुकट. ज्यांना स्वतःचं ठरावीक टेबल पाहिजे त्यांनी पैसे भरायचे. ज्याच्या घरी वीज जाते, ज्याला इंटरनेट परवडत नाही, ज्याची आई 'दिवसभर घरात काय बसलायस' म्हणते, अशा पोराला सकाळी आंघोळ करून जायला एक जागा झाली. (हा आईचा मुद्दा आमचा नव्हे, तिथल्याच एका जुन्या सभासदाने हसत हसत सांगितला.) शेजारच्या टेबलावर कोण बसलाय ते माहीत नसायचं, आणि चहाच्या वेळेला कळायचं की आपल्याला जे अडलंय ते त्याने गेल्याच महिन्यात सोडवलंय. त्याच इमारतीत मग मोबाइल सॉफ्टवेअरसाठी एम-लॅब, नव्या कंपन्यांसाठी नेलॅब अशा जागा आल्या. न्गाँग रोडचं नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत 'सिलिकॉन सवाना' म्हणून झळकलं. सप्टेंबर २०१६ मध्ये फेसबुकचे झुकरबर्ग अचानक नैरोबीत उतरले ते आयहबमध्ये गेले, आणि तिथून किलिमानीतल्या मामा ओलिएच यांच्या खानावळीत जाऊन त्यांनी तळलेला अख्खा मासा आणि उगाली खाल्ली. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. आम्हीही गेलो. आमच्यातल्या शाकाहारी व्यक्तीने उगाली आणि पालेभाजी खाल्ली, दुसऱ्या व्यक्तीने माशाचा काटादेखील शिल्लक ठेवला नाही.

आज बिशप मागुआची इमारत आहे, आयहब तिथे नाही. ते आधी किलिमानीत दुसरीकडे हललं, आणि २०१९ मध्ये नायजेरियाच्या को-क्रिएशन हब या संस्थेने ते विकत घेतलं. त्याबद्दल जुन्या लोकांत दोन मतं आहेत. एक म्हणतात, फुकट हॉल किती दिवस चालणार, परदेशी देणग्या आटल्या की भाडं कोण भरणार. दुसरे म्हणतात, फुकट होतं म्हणूनच ते होतं. आम्ही दोघं यावर मटाटूत बराच वेळ भांडलो आणि उतरायचा थांबा चुकलो.

पण आयहबने एक केलं, जागांची सवय लावली. आता टेबल भाड्याने देणाऱ्या जागा गावभर आहेत. नैरोबी गराजचं नाव वारंवार ऐकू येतं. ज्याला तेही परवडत नाही तो जावा हाऊसमध्ये एका कॉफीवर तीन तास काढतो. ही कॉफीची दुकानं मूळ नैरोबीचीच, पहिलं १९९९ साली याच न्गाँग रोडवर अ‍ॅडम्स आर्केडला निघालं. विद्यापीठांनीही दारं उघडलीत. नैरोबी विद्यापीठाच्या चिरोमो भागात सी-फोर-डी लॅब आहे, २०१३ पासून. माडाराकाला स्ट्रॅथमोर विद्यापीठात आयबिझआफ्रिका नावाचं केंद्र आहे, जिथे नव्या कंपनीला काही महिने बसवून हिशेब, कायदा, विक्री असं सगळं शिकवतात. गरीब वस्तीतल्या मुलींना वर्षभर प्रोग्रॅमिंग शिकवणारी अकिराचिक्स ही बायकांनीच २०१० मध्ये काढलेली संस्था आहे. आणि यंत्र, सर्किट, हातात धरायची वस्तू बनवायची असेल तर गिअरबॉक्स नावाची कार्यशाळा. तिथली यंत्रं आपण भाड्याने वापरायची.

त्या गिअरबॉक्सवरून आठवलं. केनियात हाताने वस्तू करणाऱ्या कारागिरांना 'जुआ काली' म्हणतात, म्हणजे कडक ऊन. छप्पर नाही, उन्हात बसून काम. कामुकुंजीच्या बाजारात पुतणीच्या मित्राने आम्हाला नेलं, तिथे जुन्या तेलाच्या पिंपांपासून पेट्या, शेगड्या, कढया ठोकत शेकडो माणसं बसलेली. कानठळ्या बसतात. तो म्हणाला, "अंकल, इनक्युबेटर हाच. एकाला ऑर्डर मोठी आली तर तो शेजाऱ्याला अर्धी देतो. आम्ही हे काचेच्या इमारतीत नेलं, एवढंच."

आता या दोघांच्या धंद्याकडे येऊ. वस्त्यांमध्ये छोटे खासगी दवाखाने असतात, एक डॉक्टर किंवा नुसताच क्लिनिकल ऑफिसर, एक नर्स आणि एक वही. मधुमेह आणि रक्तदाबाचे पेशंट गोळ्या संपल्यावर परत येत नाहीत. यांची कल्पना अशी की वहीऐवजी फोनवर नोंद करायची आणि पेशंटला तारखेच्या दोन दिवस आधी स्वाहिलीत निरोप जायचा. पेशंटकडे बहुधा साधा बटणाचा फोन. त्याला तिथे 'मुलिका म्विझी' म्हणतात, चोरावर उजेड पाडणारा, कारण त्याला बॅटरी असते! त्या फोनवर चालेल तेच खरं, हा पहिला नियम. असे निरोप पाठवायला, किंवा स्टार-हॅशचे आकडे दाबून मेनू दाखवायला आफ्रिकाज टॉकिंग नावाची नैरोबीतलीच कंपनी आहे, २०१० पासूनची. त्यांच्याकडे कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक खोटा फोन दिसतो, त्याच्यावर हवा तेवढा सराव फुकट करता येतो. गिऱ्हाइकांना निरोप जायला लागले की मग पैसे. या दोघांनी पहिले चार महिने एक शिलिंगही खर्च न करता काढले.

कंपनीची नोंदणी सरकारच्या ई-सिटिझन या खिडकीवरून फोनवर होते. नुसतं धंद्याचं नाव नोंदवायला हजारेक शिलिंग, प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला साधारण साडेदहा हजार. २०१५ च्या नव्या कंपनी कायद्यापासून एकटा माणूसही कंपनी काढू शकतो. करखात्याचा नंबरही घरबसल्या मिळतो. पेशंटची माहिती हाताळायची म्हणजे २०१९ चा विदासंरक्षणाचा कायदा आला, त्याच्या आयुक्तांकडे वेगळी नोंद. आम्ही ऐकत होतो आणि आमच्यातल्या एकाला १९८० च्या दशकात पुण्यात लघुउद्योगाच्या परवान्यासाठी घातलेल्या खेपा आठवत होत्या. केनियाची नोकरशाही सगळीच अशी आहे असं नाही, पुढे येईलच. पण धंदा सुरू करण्याची पहिली पायरी त्यांनी खरोखर खाली आणलीय.

मग पैसा. इथे गोष्ट अवघड होत जाते.

पहिला पैसा बहुतेकांना मिळतो तो 'चामा'तून. चामा म्हणजे आपली भिशी, हुबेहूब. दहा-बारा जणी किंवा जण दरमहा ठरावीक रक्कम टाकतात, पाळीपाळीने एकाला मिळते, काही ठिकाणी त्यातून जमीनही घेतात. त्याच्या वरची पायरी म्हणजे 'साको', आपली पतपेढी. शिक्षकांची, पोलिसांची, मटाटूवाल्यांची, सगळ्यांची साको. नोकरी करणारा भाऊ साकोतून कर्ज काढतो आणि धंदा काढणाऱ्या भावाला देतो. सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये हसलर फंड काढला, त्यातून फोनवर ५०० पासून ५०,००० शिलिंगपर्यंत कर्ज देण्याची सोय केली. भाजीचा गाडा त्यावर उभा राहील, सॉफ्टवेअर कंपनी कशी राहणार? तिला दीड-दोन वर्षं पगार पुरवणारं भांडवल लागतं. साको आणि ते भांडवल यांच्यामध्ये मोठी दरी आहे.

त्या दरीत उभ्या आहेत त्या स्पर्धा. पाच मिनिटं बोला, हातात मोठा पुठ्ठ्याचा चेक घेऊन फोटो काढा. आम्हाला एक मुलगा भेटला, त्याच्याकडे अकरा प्रशस्तिपत्रकं होती आणि गिऱ्हाईक एकही नव्हतं. बोलतो मात्र काय सुंदर! काही संस्था याहून गंभीरपणे काम करतात. आरोग्यातल्या नव्या कंपन्यांना सुरुवातीचं थोडं भांडवल आणि सल्ला देणारी व्हिलग्रो आफ्रिका नैरोबीत आहे, तिची प्रेरणा चेन्नईची व्हिलग्रो. या दोघांनी तिथे अर्ज केलाय.

आणि मग मोठं भांडवल, परदेशी. ते नैरोबीत येतं, भरपूर येतं. पण कोणाला? व्हिलेज कॅपिटल या संस्थेने २०१७ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अशा कंपन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा दिसलं की २०१५-१६ च्या गुंतवणुकीचा फार मोठा हिस्सा मूठभर कंपन्यांना गेला होता, आणि त्यांच्या संस्थापकांत युरोपीय किंवा अमेरिकन माणूस होता. नैरोबीत ही गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे. २०२२ मध्ये बंद पडलेल्या कुने नावाच्या जेवणाच्या कंपनीची कथा रिक्षावालाही सांगेल. परदेशी तरुणाने नैरोबीत स्वस्त, चांगलं जेवण मिळत नाही म्हणून दहा लाख डॉलर उभे केले. ज्या गावात प्रत्येक कोपऱ्यावरच्या 'किबांडा'त, म्हणजे टपरीत, चपाती आणि घेवड्याची उसळ मिळते, तिथे! लोक आधी चिडले, मग हसले.

हे सगळं ऐकीव राहिलं असतं, पण आम्ही एका बैठकीला हजर होतो. वेस्टलँड्समधल्या एका ऑफिसात गुंतवणूकदारांचा एक प्रतिनिधी या दोघांना भेटणार होता. पुतणी म्हणाली, "काका, तुम्ही दोघं मागे नुसते बसा." बसलो. गृहस्थ सज्जन होते. अर्धा तास प्रश्न विचारले, नाकुरूच्या मुलाने उत्तरं दिली, कारण दवाखान्यांत फिरलेला तोच. तरी गृहस्थांची नजर पुतणीकडे, आणि आम्ही अमेरिकेहून आलोय कळल्यावर तर आमच्याकडेच! आम्हाला त्यांचं कार्डही मिळालं. शेवटी ते अगदी सहज म्हणाले, कंपनीची मुख्य म्हणून पुतणी पुढे आली तर बाहेरचे पैसे जमवायला सोपं जाईल. मुलाने वही मिटली, आभार मानले. जिना उतरताना कोणीच बोललं नाही. मग मटाटूत तो आम्हाला इंग्रजीत म्हणाला, "हे वाक्य मी तिसऱ्यांदा ऐकलं, अंकल. पहिल्यांदा जर्मन मित्र बरोबर होता."

काय बोलणार? आमची पुतणी खिडकीबाहेर बघत होती.

गंमत, किंवा जे काही म्हणायचं ते, पुढे आहे. जिला पैसे मिळणं सोपं, तिला कागद नाही. पुतणीचा कामाचा परवाना 'डी' वर्गाचा, म्हणजे ज्या कंपनीने आणलं त्याच कंपनीत काम. नोकरी सोडली की परवाना गेला. वाचकांतल्या एच-वनवाल्यांना जास्त सांगायला नको. स्वतःचा धंदा करायचा परवाना 'जी' वर्गाचा, आणि त्यासाठी एक लाख अमेरिकन डॉलरचं भांडवल दाखवावं लागतं. दोघांनी वकील गाठला. त्याचं म्हणणं, तिने शेअर घ्यावेत, पण त्या कंपनीत बसून काम करायचं नाही. नोकरी सांभाळून बाजूला धंदा करणं किती महागात पडतं, याचं उदाहरण तिथल्या भारतीयांत सगळ्यांना माहीत आहे. गुजरातहून आलेले कमल बुधभट्टी नव्वदच्या दशकात नोकरी करता करता बाजूला सॉफ्टवेअर विकत होते, त्यापायी त्यांना देशाबाहेर जावं लागलं. ते परत आले आणि त्यांनी क्राफ्ट सिलिकॉन ही बँकांच्या सॉफ्टवेअरची मोठी कंपनी उभी केली. आमच्या पुतणीने ही गोष्ट उत्साहाने सांगितली, 'परत आले' यावर जोर देऊन. तिच्या आईला सांगताना आम्ही आधीचा भाग गाळला.

मधल्या एका दिवशी कोन्झा पाहून आलो, मोंबासा रस्त्याला साठेक किलोमीटर. पाच हजार एकरांवर सरकार नवं तंत्रनगर वसवतंय, भूमिपूजन जानेवारी २०१३ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष किबाकी यांनी केलं. रुंद रस्ते, दिव्यांचे खांब, डेटा सेंटर, काही इमारती, आणि मधे पिवळं गवत आणि वारा. होईलही कधीतरी. पण न्गाँग रोडवर धडपडणाऱ्या पोराला साठ किलोमीटरवरचा भूखंड काय कामाचा, ते आम्हाला कळलं नाही. त्याला हवं आहे टेबल, महिनाभराचं भाडं, आणि धंद्यातलं कळणारं माणूस.

त्या शेवटच्या गोष्टीची टंचाई आम्हाला सगळ्यात जास्त जाणवली. बोलायचं कसं, स्लाइड किती ठेवायच्या, हे शिकवणारे सल्लागार भरपूर. दवाखान्याच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर दहा वर्षं चालवलेला माणूस विरळा. असतो तो मोठ्या कंपनीत असतो आणि त्याला वेळ नसतो. या दोघांचे प्रश्न अगदी साधे होते. एकाच नावाचे तीन पेशंट आले तर काय करायचं? नवरा-बायको एकच फोन वापरत असतील तर आजाराचा निरोप कोणाच्या डोळ्याला पडेल? दवाखान्याने पैसे भरायचे थांबवले तर पेशंटचे निरोप थांबवायचे का? आम्ही दोघं यातलं काही जाणत नाही. आमच्यातला एक पूल बांधणारा, दुसरी शाळेत शिकवणारी.

आम्ही निघालो तेव्हा ठरलं होतं ते असं. मुलगा नोकरी सोडणार, बायकोच्या चामाची पाळी नोव्हेंबरात आहे ते पैसे धरून. कंपनी त्याच्या नावावर, मुख्य तोच. यावर पुतणीने कोणाचंही ऐकून घेतलं नाही. तिचे शेअर राहतील, आणि तिचा परवाना मार्चमध्ये नव्याने करायचा आहे तोवर ती नोकरीतच. तीन दवाखाने महिनाभर फुकट वापरणार होते, पैकी कावांगवारे वस्तीतल्या एका नर्सबाईंनी मुदत संपण्याआधीच एम-पेसाने महिन्याचे पैसे पाठवून दिले आणि वर दम भरला, की निरोप सकाळी लवकर पाठवत जा, दुपारी माणसं फोन बंद ठेवतात. पुतणीच्या आईबाबांना आम्ही हे सगळं जसंच्या तसं सांगितलंय. ते अजून विचार करताहेत.

तर मंडळी, एक विनंती. आपल्यात हॉस्पिटलच्या किंवा डॉक्टरांच्या ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्षानुवर्षं काम केलेले बरेच जण आहेत, काही तर निवृत्त होऊन घरी वैतागलेत असं त्यांच्या घरून कळतं. पैसे मागत नाही. महिन्यातून अर्धा तास फोनवर त्या दोघांशी बोलायची तयारी असेल तर संपादकांकडे नाव द्यावं, आम्ही जोडून देऊ. नैरोबी आपल्या न्यू यॉर्कच्या सात तास पुढे, हिवाळ्यात आठ. उन्हाळ्यात शनिवारी सकाळी नऊला फोन केलात तर तिथे दुपारचे चार वाजलेले असतात. मराठी येत नसलेला त्यातला जास्त प्रश्न विचारील.